राजाज्ञा आणि सदसद्विवेकबुद्धी : सोळाव्या शतकातील ख्रिस्ती प्रबंध कसे वाचावेत

राजाची आज्ञा कुठवर पाळावी, या प्रश्नावर सोळाव्या शतकातील युरोपात ख्रिस्ती लेखकांनी ढीगभर प्रबंध, पत्रे आणि जाहीर निवेदने लिहिली. मार्टिन ल्यूथर, विल्यम टिंडेल, जॉन कॅल्व्हिन, थिओडोर बेझा ही त्यांतली ठळक नावे. इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या किंवा ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे ग्रंथ आज इंग्रजी अनुवादात सहज मिळतात. पण पहिल्या वाचनात सगळेच लेखक एकच गोष्ट सांगत आहेत असे वाटू लागते, आणि तिथेच फसगत होते. अधिकार देवाकडून आलेला आहे म्हणून राजाची आज्ञा पाळा, आणि ती देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल तर पाळू नका, ही दोन वाक्ये राजाचा कट्टर समर्थकही लिहितो आणि राजाला पदच्युत करायला निघालेला लेखकही लिहितो. त्यामुळे या दोन वाक्यांखाली रेघ ओढून ग्रंथ समजला असे मानणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरा मतभेद त्यापुढे सुरू होतो. आज्ञा नाकारल्यानंतर माणसाने काय करावे? शिक्षा मुकाट्याने सोसावी, देश सोडून जावे, की हत्यार उचलावे? आणि उचलायचेच असेल तर ते कोणी उचलावे? नकार आणि प्रतिकार यांच्यामधले हे अंतर प्रत्येक लेखक वेगळ्या रीतीने तोडतो, आणि वाचकाने डोळ्यांत तेल घालून वाचायचे ते तेवढ्याच पानांवर. पुढे सांगितलेली पद्धत त्यासाठी आहे.

आधी बायबल हाताशी ठेवावे

हे लेखक ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांच्या कानांवरून बायबलमधील कथा लहानपणापासून गेलेल्या होत्या, त्यामुळे लेखक पुष्कळदा नुसते एखादे नाव घेऊन पुढे सरकतात. म्हणून प्रबंध उघडण्याआधी मराठी बायबलातून काही उतारे सलग वाचून घ्यावेत. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातील पहिली सात वचने हा या सगळ्या वादाचा कणा आहे. त्यांच्या जोडीला पेत्राच्या पहिल्या पत्रातील २व्या अध्यायाची १३ ते १७ ही वचने, कैसराविषयीचे येशूचे उत्तर ज्यात आहे तो मत्तयाचा २२वा अध्याय, आणि माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे प्रेषितांनी न्यायसभेला ठणकावले तो प्रेषितांच्या कृत्यांचा ५वा अध्याय. जुन्या करारातून दानिएलाचा ३रा आणि ६वा अध्याय, १ शमुवेलाचे २४ आणि २६ हे अध्याय, शास्ते या पुस्तकातील एहूदाची कथा आणि २ राजे यातील येहू व अथल्या यांच्या कथा एवढे पुरे होते.

आता वहीत एक साधी नोंद ठेवायची : लेखक कोणती कथा किती वेळा वापरतो. निष्कर्ष येण्याच्या कितीतरी आधी या नोंदीवरून त्याचा कल कळतो. गुहेत शौल राजा एकटा सापडलेला असताना दाविदाने त्याला मारले नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. ही कथा आज्ञापालनाच्या बाजूच्या लेखकांची आवडती. मवाबाचा राजा एग्लोन याच्या पोटात तरवार खुपसणारा डावखुरा एहूद हा प्रतिकारवाद्यांचा. दानिएल मधला आहे : मनाईहुकूम निघाल्यावरही तो प्रार्थना सोडत नाही, पण सिंहांच्या गुहेत टाकायला आलेल्यांशी झगडतही नाही.

एहूदाची कथा विरोधी पक्षालाही टाळता येत नाही, कारण ती शास्त्रातच आहे. मग तो म्हणतो की एहूदाला देवाने खास त्या कामासाठी उभे केले होते, त्यावरून इतरांनी नियम काढू नये. हे वाक्य दिसले की थांबावे. अपवाद कुठला आणि नियम कुठला हे लेखक कशाच्या आधारे ठरवतो, याचे उत्तर त्याच परिच्छेदात असते किंवा नसते. आणि नसते तेव्हा तोही एक शोध असतो.

रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाचे तसेच. तिथे पौल सत्ताधाऱ्याला तुझ्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो आणि चांगले करणाऱ्याला त्याचे भय नाही असेही सांगतो. एक पक्ष हे वर्णन मानतो : राजा कसाही असला तरी तो देवाचा सेवकच, वाईट असला तर लोकांच्या पापाची शिक्षा म्हणून आलेला. दुसरा पक्ष हीच अट मानतो : जो चांगल्यांना धाक घालतो आणि वाइटांना पाठीशी घालतो, त्याने आपल्या पदाचा आधारच गमावला. १५५० मध्ये मॅग्डेबर्ग शहराच्या धर्मोपदेशकांनी काढलेल्या निवेदनात हा दुसरा अर्थ अगदी उघडपणे मांडलेला आहे. वचन एक, शब्द तेच, आणि निष्कर्षात जमीनअस्मानाचा फरक. इथेच ग्यानबाची मेख आहे.

सिंहासनावर कोण आहे ते पाहावे

दुसरी पायरी म्हणजे तारीख. ग्रंथ कोणत्या वर्षी, कोणत्या गावी छापला, त्या वेळी लेखक कुठे होता आणि त्याच्या देशाच्या गादीवर कोण होते, या चार गोष्टी पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात. मुखपृष्ठावर छापलेल्या गावावर मात्र विश्वास ठेवू नये. जप्ती आणि अटक टाळण्यासाठी छापखाने सर्रास खोटी नावे घालत. जुलमी राजांविरुद्ध लिहिलेला १५७९ चा एक गाजलेला लॅटिन ग्रंथ एडिनबर्गला छापला असे त्यावर लिहिले आहे, तो छापला गेला बाझेलला. आणि लेखकाचे नाव म्हणून ज्या ब्रूटसचे नाव आहे तेही टोपणनाव.

टिंडेलचे उदाहरण घ्या. ख्रिस्ती माणसाच्या आज्ञापालनावरचा त्याचा ग्रंथ १५२८ मध्ये निघाला. त्यात तो म्हणतो की राजाचा न्याय करणारा देवाचाच न्याय करतो, आणि राजाने बरे केले काय किंवा वाईट केले काय, त्याचा हिशेब त्याने फक्त देवाला द्यायचा. हे वाचून टिंडेल राजाचा भाट होता असे कोणालाही वाटेल. पण तारीख आणि ठिकाण पाहिले की चित्र पालटते. तो इंग्लंडमधून परागंदा होऊन अँटवर्पच्या बाजूला लपून राहत होता, कारण त्याने नवा करार इंग्रजीत आणला होता. जर्मनीतील शेतकऱ्यांचे बंड १५२५ मध्ये चिरडले गेले होते आणि बायबल लोकांच्या हाती दिले की लोक बंड करतात, असा ठपका चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या ल्यूथरसारख्या सुधारकांवर ठेवला जात होता. टिंडेलला तो ठपका पुसायचा होता. शिवाय त्याचा खरा रोख पोप आणि धर्माधिकाऱ्यांवर होता : राजाला देवाखेरीज कोणी जाब विचारू शकत नाही असे ठरले, की पोपही विचारू शकत नाही हे ओघानेच आले. आठव्या हेन्रीला हा युक्तिवाद आवडला असे सांगतात, आणि न आवडण्याचे कारणही नव्हते. मात्र दोनच वर्षांनी टिंडेलने हेन्रीच्या घटस्फोटाला विरोध केला, तेव्हा शास्त्रापुढे तो राजाचीही भीड ठेवत नाही हे दिसून आले. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डे येथे त्याला देहदंड झाला.

तारीख चुकली तर लेखकाचेही कसे वांधे होतात याचे उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचा सुधारक जॉन नॉक्स. स्त्रियांच्या राज्यसत्तेविरुद्धचे त्याचे जहाल पुस्तक १५५८ च्या वसंतात जिनिव्हात छापले गेले, मुख्यतः इंग्लंडची कॅथलिक राणी मेरी हिला समोर ठेवून. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेरी वारली आणि एलिझाबेथ गादीवर आली, जी प्रोटेस्टंट होती आणि अर्थातच स्त्री होती. नॉक्सला इंग्लंडमधून जाण्याची परवानगीसुद्धा तिने दिली नाही. पुस्तकातील मुद्दे त्या सात-आठ महिन्यांत बदलले नव्हते, गादीवरची व्यक्ती तेवढी बदलली होती.

सुरुवात ल्यूथरपासून करावी

यांतला एकच ग्रंथ वाचायचा असेल तर ल्यूथरचा ऐहिक सत्तेवरील १५२३ चा प्रबंध वाचावा. तो लहान आहे, भाषा रोखठोक आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक प्रश्न त्यात बीजरूपाने आहेत. त्याचे तीन भाग आहेत : ऐहिक सत्ता देवाने नेमलेली आहे, तिची हद्द कुठवर आहे, आणि ख्रिस्ती राजाने ती कशी वापरावी. दुसरा भाग मुख्य आहे असे ल्यूथर स्वतःच सांगतो. तेव्हा पहिला भाग एकदा वाचून पुढे जावे आणि मुक्काम दुसऱ्यावर करावा.

दुसऱ्या भागात एक अगदी ठोस प्रसंग आहे. ल्यूथरने जर्मन भाषेत आणलेला नवा करार १५२२ च्या सप्टेंबरात छापून आला आणि काही महिन्यांतच मायसेन, बव्हेरिया आणि ब्रँडेनबर्ग या मुलखांतील सत्ताधाऱ्यांनी तो लोकांनी सरकारात जमा करावा असा हुकूम काढला. आता प्रजेने काय करावे? ल्यूथरचे उत्तर दोन टप्प्यांत येते आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे अधोरेखित करावेत. पहिला : एक पान, एक अक्षरसुद्धा आपल्या हाताने द्यायचे नाही, जो देईल तो ख्रिस्ताला हेरोदाच्या हाती देतो. दुसरा : पण अधिकारी घरात शिरून, झडती घेऊन पुस्तक हिसकावून नेऊ लागले तर त्यांना अडवायचे नाही. अन्याय सोसायचा, मात्र त्याला संमती द्यायची नाही, त्यासाठी पाय हलवायचा नाही की बोट उचलायचे नाही.

या दोन वाक्यांमध्ये ल्यूथरची त्या वेळची सारी भूमिका सामावलेली आहे. हात आखडता घेणे हे कर्तव्य, हात उगारणे हे पाप. शरीर, मालमत्ता आणि बाह्य व्यवहार इथवर राजाची हद्द. आत्म्यावर देवाखेरीज कोणाचाही अंमल नाही, कारण श्रद्धा बळाने निर्माण करता येत नाही. पाखंड ही आत्म्याची बाब आहे, ते लोखंडाने तोडता येत नाही, आगीत जाळता येत नाही आणि पाण्यात बुडवता येत नाही, असे तो म्हणतो.

तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे आणखी एक जागा आहे जी घाईत निसटते. राजाचे युद्धच अन्यायाचे असेल तर प्रजेने त्याच्यामागे जावे का? ल्यूथर स्पष्टपणे नाही म्हणतो. आणि युद्ध न्यायाचे की अन्यायाचे हे प्रजेला कळतच नसेल तर? तर, शक्य तेवढी चौकशी करूनही कळले नाही म्हणून, आज्ञा पाळणाऱ्याच्या आत्म्याला बाध येत नाही. राजा बोले दळ हाले, या जगात हे दुसरे उत्तर राजांना किती सोयीचे होते ते सांगायला नको. माझ्या मते प्रबंधाचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, कारण माहिती कोणाच्या हाती असते हा प्रश्न ल्यूथर विचारतच नाही.

मात्र १५२३ चा ल्यूथर हा संपूर्ण ल्यूथर नव्हे. १५२५ मध्ये त्याने बंडखोर शेतकऱ्यांना ठेचून काढावे असे राजेरजवाड्यांना सांगितले. १५३० मध्ये टॉरगाऊ येथे कायदेपंडितांनी त्याला दाखवून दिले की साम्राज्याच्या कायद्यातच अन्यायी सम्राटाला प्रतिकार करण्याची मुभा आहे, आणि त्याने, नाखुशीने का होईना, ते मान्य केले. १५३६ मध्ये ॲनाबाप्टिस्टांना (बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा असे मानणाऱ्या पंथाला) शिक्षा करणे हे सत्तेचे काम आहे अशा मसुद्यावर त्याची सहीही आहे. म्हणून ल्यूथर असे म्हणतो, हे वाक्य लिहिताना वर्ष घालण्याची सवय लावून घ्यावी. त्याच्या समकालीनांनाही हा फरक दिसत होता. १५५३ मध्ये जिनिव्हात मिगेल सेर्व्हेतोला पाखंडी म्हणून जाळल्यानंतर सेबॅस्टियन कॅस्टेलियोने पाखंड्यांना मारण्याविरुद्ध टोपणनावाने जो संग्रह काढला, त्यात ल्यूथरचा १५२३ चा उतारा मुद्दाम घातला होता.

सदसद्विवेकबुद्धी कशावर उभी आहे ते विचारावे

सदसद्विवेकबुद्धी म्हटले की आज आपल्याला प्रत्येकाचा आतला खासगी आवाज आठवतो. या ग्रंथांत तसे समजून वाचल्यास अर्थाचा अनर्थ होतो. १५२१ मध्ये वर्म्स येथील साम्राज्याच्या सभेत ल्यूथर म्हणाला की आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे. ती स्वतंत्र आहे असे तो म्हणाला नाही. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने शिकवले होते की चुकलेली सदसद्विवेकबुद्धीसुद्धा माणसाला बांधते, पण जी गोष्ट त्याला माहीत असायला हवी होती तिचे अज्ञान त्याला दोषमुक्त करत नाही. हे दोन्ही पदर लक्षात ठेवून वाचावे.

सरावासाठी प्रबंधाऐवजी एक पत्र घ्यावे असे मी सुचवेन. १३ एप्रिल १५३४ रोजी लंडनमधील लॅम्बेथ राजवाड्यात आठव्या हेन्रीचा माजी चॅन्सेलर सर थॉमस मोर याला, राजाच्या नव्या विवाहातील संततीला गादीचे वारस मानण्याची शपथ घेण्यासाठी बोलावले. त्याने नकार दिला. काही दिवसांनी टॉवरच्या कैदेतून त्याने आपली मुलगी मार्गारेट हिला लिहिलेल्या पत्रात तो प्रसंग बारकाईने सांगितला आहे. विचार करण्यासाठी त्याला खाली बागेत जायला सांगितले, पण उकाड्यामुळे तो बागेकडे तोंड असलेल्या एका जुन्या खोलीतच थांबला आणि शपथ घेऊन आलेले धर्मोपदेशक बागेत कसे हसतखेळत फिरत आहेत ते पाहत बसला. त्यांत ह्यू लॅटिमर होता. हाच लॅटिमर १५५५ मध्ये मेरी राणीच्या राज्यात जिवंत जाळला गेला.

त्या पत्रातील युक्तिवाद वहीत पायरीपायरीने उतरवून घ्यावा. मोर म्हणतो, मी शपथ घेऊ शकत नाही, पण घेणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. आर्चबिशप क्रॅन्मर लगेच हा धागा पकडतो : तू इतरांना दोष देत नाहीस, याचा अर्थ शपथ घेणे पाप आहे अशी तुझी खात्री नाही. राजाची आज्ञा पाळणे हे कर्तव्य आहे याची मात्र तुला खात्री आहे. मग जे अनिश्चित आहे ते सोडून जे निश्चित आहे ते धर. मोर लिहितो की हा मुद्दा एवढा अनपेक्षित होता की क्षणभर त्याला उत्तर सुचेना. मग तो म्हणाला, माझ्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे ज्या बाबतीत राजाची आज्ञा पाळायची नसते त्यांतलीच ही एक आहे. शिवाय क्रॅन्मरचा न्याय खरा मानला तर शास्त्री-पंडितांचे सगळे वाद क्षणात मिटतील, कारण राजा ज्या बाजूने हुकूम देईल ती बाजू खरी ठरेल. वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीने त्याला सांगितले की सबंध राज्याची सभा एका बाजूला असताना तू आपल्याच बुद्धीवर शंका घ्यायला हवी. त्यावर मोरचे उत्तर असे की त्या सभेसमोर माझ्या बाजूला सगळ्या ख्रिस्ती जगताची सभा आहे.

म्हणजे मोर आपल्या अंतर्मनाच्या हाकेला ओ देत नाही, तो एका मोठ्या साक्षीवर टेकून उभा आहे. ल्यूथर ज्या जागी शास्त्र ठेवतो त्या जागी मोर चर्चची एकमुखी परंपरा ठेवतो. प्रत्येक लेखकाला हा प्रश्न विचारावा : तुझी सदसद्विवेकबुद्धी कशावर टेकलेली आहे, ती निश्चित आहे की साशंक, आणि ती फक्त तुला बांधते की इतरांनाही? मोरने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अखेरपर्यंत फक्त मला असेच दिले. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

क्रॅन्मरची गोष्ट इथे संपत नाही. चर्चचा प्रमुख राजाच असतो हे त्याचे जन्मभराचे मत. मेरी राणी गादीवर आली आणि तिने संसदेच्या संमतीने पोपची सत्ता परत आणली, तेव्हा त्याच मताने त्याला कोंडीत पकडले : राजसत्तेची आज्ञा पाळायची तर पोपला मान्यता द्यावी लागते. कैदेत असताना त्याने आपली मते सोडल्याची कबुलीपत्रे लिहून दिली, आणि त्यांतल्या पहिल्यात नेमका हाच युक्तिवाद आहे. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याने सगळ्या कबुल्या मागे घेतल्या आणि जाळले जात असताना, ज्या उजव्या हाताने त्या लिहिल्या तो हात आगीत आधी धरला. १५३४ चे पत्र वाचणाऱ्याने हे कबुलीपत्र शेजारी ठेवून वाचावे. कुठल्याही सारांशापेक्षा ते अधिक शिकवते.

हत्यार कोणी उचलावे

जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन याचा मुख्य ग्रंथ (इंग्रजीत ‘इन्स्टिट्यूट्स’) १५३६ मध्ये लहानशा रूपात निघाला आणि १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत चार भाग व ८० अध्याय एवढा वाढला. संदर्भ ४.२०.३१ अशा आकड्यांनी देतात : चौथा भाग, विसावा अध्याय, एकतिसावा परिच्छेद. विसावा अध्याय सत्तेवर आहे आणि तोच ग्रंथाचा शेवटचा अध्याय. ३१व्या परिच्छेदाआधी कॅल्व्हिन बराच वेळ सांगत राहतो की खासगी माणसाने जुलमी राजाही सोसावा. मग ३१व्या परिच्छेदात तो म्हणतो की हे सगळे खासगी माणसांपुरते. स्पार्टात राजांना वेसण घालणारे एफोर होते, रोममध्ये ट्रिब्यून होते, अथेन्समध्ये डेमार्क होते, आणि आजच्या राज्यांत कदाचित धर्मोपदेशक, सरदार आणि सामान्य नागरिक या तीन वर्गांच्या सभांना तो अधिकार असावा. असे अधिकारी गप्प बसले तर त्यांनी लोकांच्या स्वातंत्र्याचा विश्वासघात केला. परिच्छेद छोटा आहे, त्यात ‘कदाचित’ आहे, आणि तरीही पुढची चाळीस वर्षे लोक त्याकडे बोट दाखवत राहिले. पुढच्याच, म्हणजे शेवटच्या परिच्छेदात तो परत दानिएलाकडे आणि प्रेषितांकडे वळतो. दोन्ही परिच्छेद एका बैठकीत वाचावेत, म्हणजे कॅल्व्हिनने दार किती उघडले आणि किती लोटून ठेवले ते दिसते.

राजाखालच्या दुय्यम अधिकाऱ्यांनी प्रतिकार करावा हा विचार मॅग्डेबर्गमध्ये कृतीत उतरला. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये लादलेली धार्मिक तडजोड त्या शहराने धुडकावली, धर्मोपदेशकांनी आपले निवेदन छापले, आणि शहराला वेढा पडला. निवेदनात वरिष्ठाच्या अन्यायाच्या चढत्या चार पायऱ्या केलेल्या आहेत; लहानसहान अन्यायासाठी हत्यार नाही, शेवटच्या पायरीसाठी आहे. इथे वाचकाने पायऱ्यांची सीमा शोधावी, कारण पुढचे लेखक ती सरकवत राहतात.

२४ ऑगस्ट १५७२ रोजी सुरू झालेल्या पॅरिसमधील प्रोटेस्टंटांच्या कत्तलीनंतर फ्रेंच प्रोटेस्टंटांची लेखणी धारदार झाली. फ्रान्स्वा ओत्माँचा ग्रंथ १५७३ चा, बेझाचा १५७४ चा आणि वर सांगितलेला टोपणनावाचा १५७९ चा. शेवटच्या ग्रंथाची मांडणी चार प्रश्नांची आहे, त्यांतला दुसरा आपल्या कामाचा : देवाच्या नियमाविरुद्ध वागणाऱ्या राजाला प्रतिकार करता येतो का, कोणी करावा आणि कुठवर. खासगी माणसाला हत्यार उचलण्याची परवानगी इथेही नाही, हे विसरू नये. क्रांतीचा जाहीरनामा म्हणून हा ग्रंथ वाचणारे नेमके तेवढेच विसरतात.

यातली गंमत १५८४ नंतर सुरू होते. फ्रान्सच्या गादीचा वारस म्हणून प्रोटेस्टंट हेन्री ऑफ नव्हार पुढे आला, आणि कालपर्यंत प्रतिकाराचा हक्क सांगणारे प्रोटेस्टंट वारसाहक्काचे पावित्र्य गाऊ लागले. त्याला विरोध करणाऱ्या फ्रेंच कॅथलिक संघाच्या लेखकांनी तेच जुने मुद्दे उचलून त्यांच्यावर उलटवले. दोन्ही बाजूंचे एकेक पान शेजारी ठेवून वाचले तर युक्तिवाद आणि पक्ष वेगळे ओळखण्याची सवय होते.

शपथेचा कागद आणि शेवटचा सराव

कॅथलिकांची अडचण वेगळी होती, कारण त्यांच्याकडे आज्ञा देणारा राजाबाहेरचा एक अधिकारी होता. १५७० मध्ये पाचव्या पायसने एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले, आणि इंग्लंडमधील प्रत्येक कॅथलिक संशयाच्या घेऱ्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी उत्तरेत बंड झाले होते. ते मोडल्यावर बंडखोरीविरुद्ध एक लांबलचक सरकारमान्य प्रवचन चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. मराठी वाचकाला या काळाचा एक दुवा जवळचा आहे. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स याच इंग्लंडमधून बाहेर पडला, रोममध्ये येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचा सोबती थॉमस पाउंड मात्र मागे राहिला आणि श्रद्धेपायी त्याची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली. देश सोडणे हा पर्याय म्हणजे नेमके काय, हे या दोघांकडे पाहून कळते.

सरावासाठी शेवटी १६०६ ची इंग्लंडमधील राजनिष्ठेची शपथ घ्यावी. आदल्या वर्षी संसद दारूगोळ्याने उडवण्याचा कट उघडकीस आला होता, त्यानंतर पहिल्या जेम्सने ती आणली. तिचा मजकूर छोटा आहे. त्याची कलमे वेगळी करून ओळीने लिहावीत आणि प्रत्येकासमोर एक निष्ठावान कॅथलिक प्रजाजन ते प्रामाणिकपणे म्हणू शकेल का, ते लिहावे. जेम्स हा कायदेशीर राजा आहे : हो. त्याच्याविरुद्धचे कट मी कळवीन : हो. पोपला त्याला पदच्युत करण्याचा अधिकार नाही : इथे कॅथलिकांतच दोन मते. बहिष्कृत राजाला प्रजा पदच्युत करू शकते किंवा मारू शकते हे मत पाखंडी आहे : इथे बहुतेकांचे पाऊल अडखळले, कारण पाखंड काय हे ठरवणे राजाचे काम नाही असे ते मानत. इंग्लंडमधील कॅथलिक धर्मोपदेशकांचा प्रमुख जॉर्ज ब्लॅकवेल याने शपथ घेतली, कार्डिनल बेलार्मिनने त्याला पत्र लिहून फटकारले, खुद्द राजा जेम्स लेखणी घेऊन वादात उतरला, आणि १६१३ मध्ये स्पॅनिश येशूसंघीय पंडित सुआरेझ याने जेम्सला दिलेले उत्तर लंडनमध्ये जाळण्यात आले.

हा कागद झाल्यावर १५२७ मध्ये श्लाइटहाइम येथे ॲनाबाप्टिस्टांनी मान्य केलेली सात कलमे काढावीत. तरवारीवरच्या कलमात ते म्हणतात की तरवार देवानेच नेमलेली आहे, पण ख्रिस्ताच्या परिपूर्णतेच्या बाहेर. म्हणून ख्रिस्ती माणसाने ती उचलू नये, न्यायाधीश होऊ नये, आणि पुढच्या कलमाप्रमाणे शपथही घेऊ नये. राजाची शपथ घ्यावी की नाही यावर मोर, क्रॅन्मर आणि ब्लॅकवेल यांनी जे लिहिले-बोलले ते या पानानंतर पुन्हा एकदा वाचावे, आणि शपथ मुळात घ्यावीच का हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला आहे का ते पाहावे.